रस्त्यावरचा तिसरा साक्षीदार

रस्त्यावर अपघात झाला की माणसांबरोबर सत्यालाही इजा पोहोचते. एक चालक म्हणतो, समोरचा भरधाव आला. दुसरा म्हणतो, आपण आपल्या बाजूनेच चाललो होतो. जमलेल्या गर्दीतील पुष्कळांनी प्रत्यक्ष अपघात पाहिलेला नसतो आणि ज्यांनी पाहिला ते साक्षीच्या भीतीने पांगतात. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६२. एवढ्या हानीची कारणे ऐकीव माहितीवरून ठरवावयाची, तर न्यायही होणार नाही आणि सुधारणाही होणार नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन यंत्रे आता वाहनांत बसू लागली आहेत.

पहिले यंत्र वाहनाचा ठावठिकाणा सांगते. उपग्रह वरून गाडीवर पाळत ठेवतात, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नव्हे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपले स्थान व अचूक वेळ तेवढी सांगत असतात. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, म्हणजे गाडी कोठे आहे हे गणिताने निघते. हा हिशेब फार नाजूक असतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरांचा फरक पडतो. निघालेले स्थान मोबाइलच्या जाळ्यातून कचेरीत कळविण्याचे काम गाडीतले यंत्र करते. घाटात हे जाळे तुटले, तर नोंदी साठवून ते मागाहून पाठविता येतात. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बस, टॅक्सी इत्यादी प्रवासी वाहनांत असे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटण असावे, असा भारतात नियम आहे.

स्थान कळले, तरी तेथे काय घडले हे कळत नाही. ते काम दुसऱ्या यंत्राचे, म्हणजे काचेमागे बसविलेल्या कॅमेऱ्याचे. साधा कॅमेरा चित्रण करीत राहतो व जागा भरली की जुने पुसून त्यावर नवे नोंदवितो. जोराचा धक्का बसताच त्यातील संवेदक तेवढा भाग न पुसता राखून ठेवतो. याच्याही पुढचे पाऊल काही नव्या कंपन्यांनी टाकले आहे. ‘नेत्राडाइन’ ही त्यांपैकी एक. अवनीश अग्रवाल व डेव्हिड ज्युलियन यांनी २०१५ साली ती स्थापन केली. तिचे काम अमेरिकेतील सॅन डिएगो आणि आपल्याकडील बंगळूर येथून चालते. तिचा कॅमेरा चित्र केवळ साठवीत नाही, तर गाडीतच ते तपासतो. पुढच्या वाहनाशी अंतर किती, पट्टा बांधला आहे काय, चालकाची नजर रस्त्यावर आहे काय, हे तो पाहतो व वेळीच इशारा देतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे क्षणभराच्या इशाऱ्याचे मोल उमगते. चालकाच्या चुकांबरोबर त्याच्या चांगल्या चालविण्याचीही नोंद ही कंपनी ठेवते, हे तिचे वैशिष्ट्य होय. अपघातात चालक निर्दोष असेल, तर असा कॅमेरा त्याचा खरा कैवारी ठरतो.

तथापि या नाण्याला दुसरी बाजू आहे. २०२१ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या माल पोहोचविणाऱ्या गाड्यांत हेच कॅमेरे बसविले गेले, तेव्हा दिवसभर डोळा रोखलेला असणे अनेक चालकांना जाचक वाटले. दुसऱ्याच गाडीने आडवे घुसल्यामुळे अंतर कमी झाले, तरी दोष आपल्या माथी येतो, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. त्या अगदीच निराधार म्हणता येणार नाहीत. यंत्र चालकाची जांभई टिपते. पण आदल्या रात्री त्याला झोप का मिळाली नाही, त्याच्या फेऱ्या कोणी आखल्या, हे त्या चित्रात उमटत नाही. थकव्याचा दोष मग थकलेल्याच्याच नावावर लिहिला जातो.

म्हणून यंत्र विकत घेताना मालकाने काही गोष्टी आधीच ठरविल्या पाहिजेत. चित्रण कोण पाहणार, ते किती दिवस ठेवणार आणि दंड करण्यापूर्वी चालकाला ते दाखविणार की नाही, हे चालकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. एकाच मार्गावर अनेक चालकांच्या डोळ्यांवर झापड येत असेल, तर चालकांआधी वेळापत्रक तपासले पाहिजे. साक्षीदार प्रामाणिक असला, तरी निवाडा माणसांनाच करावयाचा असतो. आणि तो करताना चालकाचे म्हणणेही ऐकून घेतले, तरच या यंत्राचा रस्त्यावरील सर्वांना उपयोग होईल.