बावीस मीटरवरचं विमान
लेखमाला : लहान प्रमाणातली विमानं (भाग ७)

मागच्या आठवड्यात धडाचे दोन अर्धे, पंख आणि शेपूट जोडून, सांध्यांत पुट्टी भरून आपण थांबलो होतो. समोर आहे तो दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा, स्पिटफायरचा, १/७२ प्रमाणातला जुन्या धाटणीचा किट. अंगभर रिव्हेटचे उठलेले ठिपके, पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या उठलेल्या रेघा आणि वैमानिकाच्या डोक्यावर जाडजूड प्लॅस्टिकची कॅनोपी. या टप्प्यावर हमखास दिला जाणारा सल्ला असा : उठावाचं सगळं घासून काढा, त्या जागी सुईने बारीक चर कोरा आणि मग अधिकृत नावाच्या डबीतला रंग जसाच्या तसा लावा. यातला पहिला भाग मला रिव्हेटांपुरता मान्य आहे. दुसरा भाग बहुतांशी वाया जाणारी मेहनत आहे आणि तिसऱ्यामुळे मॉडेल हमखास काळवंडतं. ही तिन्ही मतं एकाच हिशेबातून निघतात, म्हणून आज तो हिशेब नीट मांडतो.

मॉडेल आपण हातात धरून बघतो तेव्हा ते डोळ्यांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतं. त्याला ७२ने गुणलं की २१.६ मीटर होतात. म्हणजे टेबलावरचं हे विमान डोळ्यांत जेवढी जागा व्यापतं, तेवढीच जागा खरं स्पिटफायर आपण बावीसेक मीटरवर उभे असताना व्यापेल. चांगली दृष्टी असलेल्या माणसाला एक कला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. बावीस मीटरवर ही मर्यादा सुमारे ६ मिलिमीटर भरते आणि मॉडेलवर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास. मॉडेलवर काय दाखवायचं आणि काय सोडायचं, याचा निवाडा करायला हा आकडा पुरेसा आहे. खऱ्या विमानावर जे सहा मिलिमीटरपेक्षा लहान आहे, ते टेबलावरच्या विमानावर सुटं दिसता कामा नये.

आता रिव्हेट घेऊ. जुन्या किटवरचा ठिपका ०.३ मिलिमीटर रुंद धरला, तरी खऱ्या विमानावर तो दोन सेंटिमीटरहून मोठा होतो. स्पिटफायरच्या पंखांवरचे रिव्हेट तर पत्र्याच्या पातळीत बसवलेले, सपाट माथ्याचे होते. ही सपाटी महाग आणि वेळखाऊ होती. तिचा नेमका फायदा किती, हे तपासायला स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या तंत्रज्ञांनी विमानाच्या रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवून ते उडवून पाहिलं. सगळीकडे डाळ असताना वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला. मग टप्प्याटप्प्याने डाळ काढत, कुठे सपाट रिव्हेट हवेतच आणि कुठे गोल माथ्याचे चालतील, हे त्यांनी ठरवलं. ज्या विमानाच्या गुळगुळीतपणासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्या प्रतिकृतीवर डाळीहूनही मोठे गोळे ठेवणं त्या विमानाच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणून ते घासायचे.

पण हे ठिपके साचा बनवणाऱ्यांच्या अज्ञानातून आलेले नाहीत, हेही सांगायला हवं. निकोलस कोव्ह यांनी १९३९मध्ये सुरू केलेल्या एअरफिक्स या कंपनीने आपला पहिला स्पिटफायर १९५३मध्ये बाजारात आणला. त्या काळी पोलादी साच्यात खड्डा पाडणं सोपं होतं, आणि साच्यातला खड्डा म्हणजे प्लॅस्टिकवरचा उठाव. याउलट प्लॅस्टिकवर चर हवा असेल, तर साच्यात बारीक धार उभी ठेवून तिच्या आजूबाजूचं सगळं पोलाद कोरून काढावं लागतं. उठावाची रेघ हा त्या तंत्राने घालून दिलेला संकेत होता. नकाशात नदी निळ्या रेघेने दाखवतात, तसाच.

पुढचा मुद्दा बहुतेकांना पटत नाही : आजच्या किटवरचे कोरीव चर हासुद्धा संकेतच आहे. स्पिटफायरचा पत्रा बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक मिलिमीटरच्या आसपास जाड. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढते तिथे पायरी तेवढीच, म्हणजे मॉडेलवर मिलिमीटरचा शंभरावा भाग. ०.१५ मिलिमीटर रुंदीचा चर खऱ्या विमानावर जवळजवळ ११ मिलिमीटरची फट ठरतो आणि त्यात काळा रंग सोडला की विमान फरशा बसवल्यासारखं दिसतं. जुन्या किटचा उठाव घासून त्या जागी चर कोरणारा माणूस एक चूक काढून तिच्या जागी तेवढीच मोठी दुसरी चूक बसवतो, शिवाय त्यात अनेक संध्याकाळी घालवतो.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. डोळ्याची मर्यादा एक कला असली, तरी आकाशासमोरची विजेची तार त्याहून कितीतरी बारीक असूनही दुरून दिसते, मग पत्र्याचा सांधा का दिसू नये? आक्षेप खरा आहे. सुटे ठिपके वेगळे ओळखणं आणि लांबलचक रेघेचं अस्तित्व जाणवणं ही डोळ्याची दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात तो फार तरबेज असतो. पण मर्यादेखालची रेघ रुंदी म्हणून दिसत नाही, आजूबाजूपेक्षा किंचित गडद छटा म्हणून जाणवते. तेव्हा मॉडेलवर तिला खोली द्यायची गरज नाही, छटा दिली की झालं. उठावाच्या रेघा वॉटर पेपरने अगदी मुळापर्यंत न घासता नखाला जेमतेम लागतील इतक्या ठेवायच्या, प्रायमरनंतर त्यांच्यावरून मूळ रंगाहून थोडा गडद रंग पातळ करून फिरवायचा आणि वरून मूळ रंगाचा विरळ हात द्यायचा. रेघ जाणवते, मोजता मात्र येत नाही. खऱ्या विमानापासून बावीस मीटरवर उभं राहिलं तरी हेच घडतं.

वाचवलेला वेळ कुठे घालायचा, तेही याच हिशेबातून कळतं. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे सुमारे ६ अंशांनी वर चढतात. जोडताना हा कोन दोन अंशांनी चुकला, तर टोक सुमारे अडीच मिलिमीटर खाली येतं. खऱ्या विमानात हे १८ सेंटिमीटर झाले, डोळ्याच्या मर्यादेच्या जवळजवळ तीसपट. पंखाची मागची कड ०.६ मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्यात ती चार सेंटिमीटरहून जाड फळी होते. प्रत्यक्षात ती कड पातळ होत संपते. एक मिलिमीटर जाडीची कॅनोपी म्हणजे सात सेंटिमीटरची काच. या गोष्टी कुणालाही, नाव न सांगता, खटकतात. जुन्या किटचे खरे दोष हे आहेत, आणि ते दुरुस्त करायला एक कानस, वॉटर पेपर आणि चिकाटी पुरते.

रंगाकडे येऊ. अधिकृत छटेत थोडा पांढरा मिसळावा, हा नियम जुना आहे : १/७२ला साधारण १५ टक्के, १/४८ला साधारण १०. मात्र त्याचं जे कारण दिलं जातं ते टिकत नाही. मधल्या हवेमुळे दूरचे रंग फिके पडतात, म्हणून लहान मॉडेल फिकं हवं, असं म्हणतात. हवेमुळे दूरच्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला फरक किती कमी होतो, याचं गणित जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोशमीडर यांनी १९२४मध्ये मांडलं. त्यानुसार वीस किलोमीटरपर्यंत दिसतंय अशा दिवशी बावीस मीटरवर ही घट अर्धा टक्काही भरत नाही. दोनच किलोमीटर दिसेल इतक्या धुरकट हवेतही ती जेमतेम चार टक्के. पंधरा टक्क्यांचा खुलासा हवा देऊ शकत नाही.

तरीही नियमाप्रमाणे रंगवलेलं मॉडेल जास्त खरं वाटतं, कारण प्रकाश. विमान धावपट्टीवर दुपारच्या उन्हात उभं असतं तेव्हा त्यावर लाखभर लक्स प्रकाश पडतो. घरातल्या फळीवर संध्याकाळी दोन-तीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. प्रकाश कमी झाला की तोच रंग डोळ्याला मंद वाटू लागतो, हे रंगशास्त्रज्ञ रॉबर्ट हंट यांनी १९५२मध्ये दाखवलं होतं. उन्हात जिवंत दिसणारा गडद हिरवा दिव्याखाली काळपट होतो. हे कारण मानलं, तर पांढऱ्याचं प्रमाण किटच्या मापावर नाही, मॉडेल जिथे राहणार त्या जागेच्या उजेडावर ठरवायला हवं. फळीवरच्या दिव्याखाली ०, १० आणि २० टक्के मिसळलेल्या पट्ट्या ठेवून निवड करावी. गडद हिरव्याला पांढऱ्याऐवजी थोडा पिवळसर फिका रंग चालतो, नाहीतर छटा खडूसारखी होते.

काटेकोर मंडळी म्हणतील की असं रंग बदलणं म्हणजे दस्तऐवजात फेरफार. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने छटा ठरवून दिल्या होत्या. छटा ठरवल्या होत्या, हे खरं. पण जून १९४०मध्ये लढाऊ विमानांच्या पोटाला स्काय हा फिकट हिरवट रंग लावायचा आदेश निघाला तेव्हा तो पुरेसा उपलब्ध नव्हता, आणि अनेक तुकड्यांनी हाताशी होते ते रंग मिसळून वेळ निभावली. पुढे ऑगस्ट १९४१मध्ये पाठीवरच्या मातकट तपकिरीची जागा ओशन ग्रे या करड्या रंगाने घेतली, पोटाला मीडियम सी ग्रे आला. १९४४-४५मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाची आठवी स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत होती. तिथल्या विमानांवरच्या वर्तुळाकार ओळखचिन्हातला लाल रंग जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून काढून, फक्त गडद आणि फिक्या निळ्याची वर्तुळं ठेवली होती. तिथल्या उन्हापावसात कुठलीच अधिकृत छटा फार दिवस अधिकृत राहत नसे. नियमपुस्तकातली पट्टी हा आरंभ मानावा, तिथून पुढे उजेड, ऊन आणि झीज यांचा हिशेब जोडायचाच असतो.

एक आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. आज मॉडेल प्रत्यक्षापेक्षा छायाचित्रात जास्त पाहिलं जातं, आणि कॅमेरा दहा सेंटिमीटरवर येतो. मग ३० सेंटिमीटरचा हिशेब कशाला? दहा सेंटिमीटर म्हणजे खऱ्या विमानापासून सात मीटर, मर्यादा दोन मिलिमीटर. एवढ्या जवळूनही एक मिलिमीटरची पायरी सुटी दिसत नाही. फक्त इंजिनाचं झाकण आणि पंखातल्या बंदुकांची दारं, जी उघडण्यासाठीच बनवलेली होती आणि ज्यांच्याभोवती खरी फट होती, ती जाणवू शकतात. तेवढ्या आठ-दहा रेघा कोराव्यात, बाकीचा पृष्ठभाग गुळगुळीत राहू द्यावा.

रंग पूर्ण वाळला की त्यावर चकचकीत व्हार्निशचा एक हात द्यायचा, कारण मॅट पृष्ठभागावर डिकलखाली, म्हणजे चिकटवायच्या चिन्हांखाली, हवा अडकते आणि पारदर्शक कडा रुपेरी दिसू लागतात. जुन्या किटमधले डिकल बहुधा पिवळे पडलेले असतात आणि त्यांच्यातला लाल युद्धकाळातल्या विटकरी लालपेक्षा फार भडक असतो. त्यांचं काय करायचं ते पुढच्या भागात.