मुलाम्यातील छिद्र आणि अब्जांश कण

तांब्यापितळेच्या भांड्यांत स्वयंपाक होत असे त्या काळी कल्हईवाला दारी आला, की भात्याची धग, नवसागराचा पांढरा धूर आणि तापल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात पसरणारे कथील पाहण्यासाठी मुलांचा घोळका जमे. परंतु त्या झगझगीत लेपाचे प्रयोजन शोभेचे नसून, ताक किंवा आमटी कळकू नये, म्हणजे पदार्थातील आंबटपणामुळे तांबे विरघळून अन्न दूषित होऊ नये, हेच होते. एका धातूच्या रक्षणाची कामगिरी दुसऱ्या धातूच्या पातळ थरावर सोपवावी, ही कल्पना अशी आपल्या चांगलीच परिचयाची आहे. आणि त्या थरात अतिसूक्ष्म कण मिसळून तो अधिक टिकाऊ करण्याचा उद्योग ही तिचीच पुढची पायरी होय.

लोखंड गंजते ते केवळ हवेने नव्हे. ओलसर पृष्ठभागावर एके ठिकाणी लोहाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी पोहोचतात, तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो, आणि अशा रीतीने एक लहानसे विद्युत्मंडल पुरे होऊन क्षरण अखंड चालू राहते. पाण्यात मीठ असले की हा विद्युत्प्रवाह सुलभ होतो. म्हणूनच घाटावरच्या मानाने कोकणपट्टीत खिडकीचे गज लवकर पोखरले जातात. क्षरणामुळे जगाचे होणारे वार्षिक नुकसान सुमारे अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या 3.4 टक्के भरते, असा अंदाज 2016 साली ‘नेस’ या क्षरणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केला.

मुलामे सगळे एका जातीचे नसतात. सोरेल या फ्रेंच अभियंत्याने 1837 साली लोखंड वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आपली जस्ती बादली आणि जस्ती पत्रा याच कृतीचे वंशज होत. जस्ताला ओरखडा पडला, तरी ते लोहापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे स्वतः झिजते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला वाचविते. निकेलचे वर्तन नेमके याच्या उलट असते. ते लोहापेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे थर अभंग असेतोवरच त्याचा पहारा खरा. एकदा का सुईच्या अग्राहूनही बारीक छिद्र पडले, की सभोवतीच्या निकेलच्या विस्तीर्ण पृष्ठावरील सारी क्रिया त्या इवल्याशा लोखंडी ठिपक्यावर येऊन पडते, आणि खेकड्याच्या बिळाने शेताचा बांध आतून ढासळावा, तसे लोखंड चकचकीत मुलाम्याखालीच पोखरले जाते. तात्पर्य, अशा मुलाम्याची योग्यता त्याच्या जाडीइतकीच त्याच्या निश्छिद्रतेवरही अवलंबून असते.

अब्जांश कणांचे कार्य येथे सुरू होते. अब्जांश मीटर म्हणजे एक नॅनोमीटर, आणि हे कण साधारणतः 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचे असतात. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ अवघे 6 चौरस सेंटीमीटर. तोच घन 10 नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत विभागला, तर एकूण पृष्ठफळ 600 चौरस मीटर होते. अल्प द्रव्यातून एवढे विशाल पृष्ठ लाभते, हेच या कणांच्या सामर्थ्याचे मूळ होय.

प्लेटिंगच्या कारखान्यातील हौद पाहिला, म्हणजे ही कृती ध्यानात येते. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड यांच्या हिरव्या, कोमट द्रावणात ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा सेरियम ऑक्साइड यांची अतिसूक्ष्म पूड घालून ते सतत ढवळीत ठेवतात. वस्तू ऋणाग्राला जोडून विजेचा प्रवाह सोडला, की निकेलचे अणू तिच्यावर बसू लागतात, आणि पृष्ठभागाला येऊन चिकटलेले कण त्या वाढत्या थरात कायमचे गाडले जातात. हे कण निकेलच्या स्फटिकांना नवनवी जन्मस्थाने देतात, त्यांची वाढ रोखून थराची घडण बारीक व घट्ट करतात, रंध्रे कमी करतात, आणि आत शिरू पाहणाऱ्या क्षारयुक्त पाण्याला सरळ वाट मिळू देत नाहीत. थराचा कठीणपणा वाढतो, तो लाभ निराळाच.

मात्र कणांना एकत्र गोळा होण्याची जबर ओढ असते. शुद्ध पाण्यात त्यांचे समान विद्युद्भार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतात. पण क्षारांनी भरलेल्या हौदात त्या भारांचा प्रभाव फार जवळच संपतो आणि कणांच्या गुठळ्या बनतात. अशी गुठळी थरात अडकली, तर तिच्याभोवती पोकळी राहते, आणि जे छिद्र बुजवावयाचे तेच आपल्या हाताने निर्माण होते. म्हणून कण विलग ठेवणाऱ्या रसायनांची, श्रवणातीत ध्वनिलहरींची आणि नेमक्या मात्रेची तजवीज करावी लागते. कण अधिक म्हणजे संरक्षण अधिक, हा हिशेब येथे चालत नाही. कोरडी पूड श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊ नये, याचा बंदोबस्तही कामगारांच्या जिवासाठी कटाक्षाने ठेवला पाहिजे.

या तंत्राविषयी मला आस्था वाटते, कारण त्यातील यश दुर्मिळ द्रव्यापेक्षा दक्षतेवर अवलंबून आहे. वस्तूवरचे तेल नीट उतरविले नाही, ॲसिडात गंज पुरता काढला नाही, तर सर्वोत्तम कणही त्या मुलाम्याला सोलण्यापासून वाचवू शकणार नाहीत. उपलब्ध उपायच काळजीपूर्वक योजले, तरी क्षरणाच्या खर्चाचा 15 ते 35 टक्के भाग वाचेल, असे ‘नेस’चा उपर्युक्त अंदाज मांडणारा अहवालच सांगतो. अब्जांश कणांनी या बचतीत भर घालावी अशी अपेक्षा असेल, तर प्रयोगशाळेइतकेच लक्ष आपण हौदापाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या शिक्षणाकडे दिले पाहिजे.