फराळ, दोन अटी आणि आईचे तास

दिवाळीला 'क्ष' किलो चकल्या आणि 'य' किलो बेसनलाडू करायचे आहेत. समजा, किलोभर चकल्यांना २ तास लागतात, किलोभर लाडवांना १. हाताशी १० तास आहेत. म्हणून पहिली अट: २क्ष + य ≤ १०. खर्च किलोमागे अनुक्रमे २०० आणि ४०० रुपये, बजेट २,४००. २०० ने भागलं की दुसरी अट: क्ष + २य ≤ १२.

आता बिंदू तपासू या.

(४, ३): दुसरी अट ४ + ६ = १०, ठीक. पहिली ८ + ३ = ११. बाद.
(१, ६): पहिली ८, ठीक. दुसरी १३. बाद.
(३, ४): १० आणि ११. पास.
(२, ५): ९ आणि १२. पास.

शेवटचे दोन्ही बिंदू एकेका रेषेवर आहेत, पण '≤' मध्ये बरोबरी चालते. नुसतं '<' असतं, तर दोन्ही बाद झाले असते. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत अशाच ढीगभर अटींतून सर्वांत फायद्याचा बिंदू शोधते.

पैशांची अट घरोघरी तपासली जाते. तासांची कागदावर येतच नाही, कारण ते तास आईचे असतात. यंदा तीही लिहा. आणि (४, ३) चाच हट्ट असेल, तर जास्तीचा तो एक तास सोऱ्या तुम्ही हातात घ्या.