तळ नव्हे, मासे!

नांदेडच्या बाजारात मासा येतो तो विष्णुपुरीचा, लातूरकडे मांजऱ्याचा. रोहू, कटला, मरळ. समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. तरी लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना तळ्यातला मासा हाताळायला मिळतो. समुद्रातला मासा मोजायचा, तर त्यासाठी मोठं जहाज लागतं आणि देशाकडे तसं एक आहे: ‘सागर संपदा’.

डेन्मार्कमध्ये बांधलेलं, सत्तर मीटरहून थोडं लांब असलेलं हे जहाज 1984 साली आपल्याकडे आलं. मालकी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची, मुक्काम कोचीला. त्याआधी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे ‘गवेषणी’ होतं. मूळचा बार्ज, त्याचं कलकत्त्यात संशोधन जहाज केलेलं. त्याच ‘गवेषणी’नं 26 जानेवारी 1981 रोजी समुद्रतळावरचे धातूंचे गोळे वर काढले. ‘सागर संपदा’ मात्र मासे आणि पाणी दोन्ही तपासायला मुद्दाम बांधलेलं.

मागच्या बाजूला उतार, त्यावरून ट्रॉल जाळं समुद्रात सुटतं. जाळं पडण्याआधी पाण्याची तपासणी. तारेला बांधलेलं यंत्र खाली जाताना तापमान आणि क्षारता टिपत जातं. त्याच्याभोवती बाटल्यांचं कडं असतं. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली मिटते आणि तिथलंच पाणी डेकवर येतं. त्यात विरघळलेला प्राणवायू किती, यावर सगळं ठरतं. अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरखाली तो इतका घटतो की पुष्कळ मासे तिथं फिरकत नाहीत.

खरी गंमत पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर. दिवसा काही शे मीटर खोल एक जाड पट्टा दिसतो आणि रात्री तो वर सरकतो. दुसऱ्या महायुद्धात तो समुद्राचा तळच वाटला होता! त्यात असतात बोटभर लांबीचे, अंगावर उजेडाचे ठिपके असणारे मासे. अरबी समुद्रात ते अमाप आहेत. जेवणाच्या ताटात मात्र ते येत नाहीत. शोध एवढ्यावरच थांबला नाही: 1995-96 मध्ये ‘सागर संपदा’ क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव शोधायला अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत गेलं होतं.

मराठवाड्याला यातलं काय? पाऊस. 2002 च्या जुलैत देशभर पावसानं दडी मारली, तेव्हा ‘सागर कन्या’ हे दुसरं जहाज मान्सून मोहिमेवर अरबी समुद्रातच होतं, पाणी किती तापलंय ते मोजत. आपल्या सोयाबीनवर पडणारं पाणी आधी तिथून उठतं.

अशा जहाजाची किंमत एका फेरीत कळत नाही. त्याच जागी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींनीच समुद्र बदलतोय की नाही ते कळतं. त्या घेणारी माणसं किनाऱ्यावरचीच असावीत असा काही नियम नाही. उदगीरच्या प्रत्येक तुकडीतल्या चार मुलामुलींना तरी पदवीआधी ‘सागर संपदा’वर जागा मिळावी. त्यांच्या विद्यापीठानं ती मागून घ्यावी.