दाढ भरली, तरी कळ का येते?

दाढ भरून आठ दिवस झालेत. आरशात बघितलं तर एकदम नवी कोरी, शेजारणीपेक्षा पांढरी. पण मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ हाणून वर गार पाणी प्यायलात, की अशी कळ जाते की समोरचा काय बोलतोय तेही ऐकू येत नाही. मग तुम्ही काय करता? दुसऱ्या बाजूने चावायला लागता.

नारायण पेठ म्हणजे अभ्यासिका, कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि मेस. घरापासून लांब राहणाऱ्यांचं दातांचं गणित ठरलेलं असतं. आधी दुखणं अंगावर काढायचं, मग पैसे जमवून दाढ भरायची आणि तरीही दुखलं तर ‘परत गेलो तर रूट कॅनल सांगतील’ म्हणून गप्प बसायचं. खरा घोटाळा या गप्प बसण्यात आहे, कारण भरलेली दाढ दुखण्याचं एक कारण पाच मिनिटांत दूर होण्यासारखं असतं.

दाढ भरताना तोंड बधिर केलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, ‘चावून बघा.’ तुम्ही चावता, पण जबडा नीट मिटलाय की नाही तेच तुम्हाला कळत नसतं. भराव किंचित उंच राहतो. किंचित म्हणजे केसापेक्षाही कमी, पण दाताला तेवढंही कळतं. प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दाढेवर येतो आणि दोन-चार दिवसांत चावताना दुखायला लागतं. यावर गोळी नको. कार्बन पेपरसारखा रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टर उंचवटा शोधतात आणि घासून काढतात. बहुतेक वेळा त्यासाठी इंजेक्शनही लागत नाही. म्हणून बधिरपणा गेल्यावर त्याच दिवशी सावकाश चावून बघा. भरलेली दाढ आधी टेकतेय असं वाटलं, तर लगेच फोन करा.

गारामुळे येणारी कळ वेगळी. दाताच्या पांढऱ्या कवचाखाली डेंटिनचा थर असतो आणि त्यात अतिसूक्ष्म नळ्या. त्या नळ्यांतला द्रव हलला की आतली नस बोंबलते. ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकाने 1960च्या दशकात हे उलगडून दाखवलं. कीड कोरताना मशीनचं कंपन आणि उष्णता असते, नंतर दात वाळवतात. त्यात दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. कीड खोल असेल तर नस अगदी जवळ असते, त्यामुळे ती काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे कुरकुरते. कुरकुर रोज थोडी कमी होत असेल, तर घाबरू नका. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मदत करते, पण दोन दिवसांत नाही. दोनेक आठवडे नेमाने वापरावी लागते.

आता महत्त्वाचं. डॉक्टरांकडे जाऊन नुसतं ‘सेन्सिटिव्हिटी आहे’ म्हणू नका. आपल्या आज्यांकडे दुखण्याचे केवढे शब्द आहेत! शिवशिवणं, कळ, ठसठस, ठणका. गार लागलं की शिवशिवतं आणि घोट संपला की थांबतं, तर नस बहुधा सावरतेय. गार गेल्यावरही अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ कळ टिकते, गरम चहानेही ठणकतं, काही न खाता ठसठस सुरू होते, रात्री आडवं झाल्यावर वाढते, तर नसेला जास्त इजा झालेली असू शकते. अशा वेळी थांबायचं नाही. चावलेलं सोडताना चमक येत असेल, तर दाढेला तडा असू शकतो, तेही सांगा. आणि ठणका एके दिवशी आपोआप थांबला म्हणून पेढे वाटू नका. कधीकधी नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग आत शांतपणे पसरत असतो. गालावर सूज किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आजीच्या लवंगेला हसू नका. तिच्यातलं युजेनॉल दातांच्या डॉक्टरांच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही वापरतात. मात्र लवंगेचं तेल तसंच ओतलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेत दाबून ठेवणारे तर महान! तिनेही हिरडी भाजतेच, दात काही बरा होत नाही. मेडिकलवाल्याकडून रोज दोन वेदनाशामक गोळ्या आणून परीक्षा निभावेल, पण दाढ निभावेलच असं नाही.

पैशांची अडचण असेल, तर डेंटल कॉलेजांच्या ओपीडी आहेत. पेठेतून धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं रंगूनवाला कॉलेज गाठता येतं. तिथे विद्यार्थी डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, म्हणून पुस्तक सोबत न्या.

ज्यांनी दाढ भरली त्यांच्याकडेच परत जायला अनेकांना संकोच वाटतो, जणू आपण त्यांच्या कामाला नावं ठेवतोय. तसं काही नाही. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधी दुखतं, कशाने दुखतं, किती वेळ टिकतं, रात्री जाग येते का. आणि खुर्चीत बसल्यावर बधिर करण्याआधीच ते वाचून दाखवा.