हवा कुठे अडकलीय?

लॅमिंग्टन रोडचा कालवा जिना चढता चढता मागे पडतो. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात दोघं जण एका उघड्या कॅबिनेटवर वाकलेत आणि दोघंही गप्प आहेत. मी लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून घ्यायला आलोय. माझा नंबर इतक्यात लागत नाही, हे दिसतंच आहे.

"पंप गेलाय काका. सरळ नवीन लिक्विड कूलर टाका," मुलगा म्हणतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, लगीनसराई तोंडावर आलीय आणि मशीन रात्रभर घरघरतं म्हणून घरचे वैतागलेत.

काका उत्तर देत नाहीत. गाळ्यातला पंखा बंद करतात, दार लोटतात. आता ऐकू येतं: एक टकटक, आणि तिच्या मागे काहीतरी ओलसर, गुळगुळणारं.

समोरच्या जाळीमागे रेडिएटर उभा आहे, त्यावर १२० मिलिमीटरचे दोन फॅन. काका पात्यांना हात लावत नाहीत. मधल्या स्टिकरवर बोट टेकवून वरचा फॅन क्षणभर थांबवतात. टकटक चालूच. खालचा थांबवतात, टकटक बंद. टॉर्च मारल्यावर कारण दिसतं: केबल टायचं न कापलेलं शेपूट पात्याला घासतंय. कटरने ते उडवतात.

"झालं?" मुलगा हरखतो.

"हा फुकटचा होता. खरा आता ऐक."

गुळगुळ आता एकटी उरलीय. काका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या झाकणावर टेकवतात आणि मुठीला कान लावतात. या कूलरमध्ये पंप वेगळा नसतो, प्रोसेसरवर बसणाऱ्या गोल डबीतच असतो. डबीच्या तळाशी तांब्याची पट्टी, तिच्यावरून वाहणारं ग्लायकोल मिसळलेलं पाणी उष्णता उचलून रेडिएटरमध्ये नेतं. मोटर खराब असती तर एकसारखी खरखर आली असती, असं काकांचं म्हणणं. इथे आवाज तुटक आहे.

ते बायोस उघडतात. पंप तापमानाबरोबर कमी-जास्त होणाऱ्या सेटिंगवर आहे. तो पूर्ण वेगावर कायम करतात. गुळगुळ तशीच, फक्त तिचे चढउतार गेले. मग चालू मशीनच दोन्ही हातांनी धरून हळूच मागे कलवतात. पाण्याचा खळखळाट होतो, आणि आवाज चक्क थांबतो. सरळ केल्यावर थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

"मोटर नाही. हवा आहे."

ही यंत्रं सीलबंद असली तरी रबरी नळ्यांतून पाण्याचा अंश वर्षानुवर्षं झिरपत जातो आणि त्या जागी हवा येते. हवा सर्वात उंच जागी जाऊन बसणार. या रेडिएटरच्या नळ्या वरच्या टोकाला आहेत, म्हणजे हवा बसते नेमकी नळ्यांच्या तोंडाशी, आणि पंप ती पाण्याबरोबर ओढून घेतो. २०२० मध्ये गेमर्स नेक्सस या अमेरिकी यूट्यूब चॅनलवर स्टीव्ह बर्कने हाच मुद्दा लावून धरला होता, तेव्हा लोकांनी घरोघरी कॅबिनेटं उघडली होती. या मुलाचं मशीन बहुधा त्यातून सुटलं.

रेडिएटर छताला लावता आला तर उत्तम. काका टेपने मोजतात. रॅमच्या उंच पट्ट्या आड येतात. मग समोरच, पण उलटा: नळ्या खाली, रिकामं टोक वर, आणि ते टोक पंपापेक्षा उंच. सांगायला एक वाक्य, करायला मात्र खटपट. ग्राफिक्स कार्ड काढावं लागतं, नळ्या ताठ आहेत, वळवताना पीळ पडू द्यायचा नाही. डबी उचलल्यावर प्रोसेसरवरची पेस्ट वाळून कडक झालेली निघते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून काका नवीन पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका टाकतात आणि डबीचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत जातात. इथे घाई करणारे मेकॅनिक मी पाहिलेत. डबी एका बाजूला कलते आणि दोष कूलरच्या माथी येतो.

मशीन चालू होतं. आधी चांगलाच खळखळाट. मुलाचा चेहरा पडतो. काका कॅबिनेट थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे कलवतात, परत सरळ करतात. खळखळ विरळ होत जाते, मग फक्त फॅनचा वारा. मुलगा एक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावतो. तापमान सत्तरीत चढतं आणि तिथेच राहतं.

"नवीन कूलर नको ना मग?"

"आत्ता नको. पाणी आणखी कमी झालं की लागेल. हा उघडून भरायच्या भानगडीत पडू नकोस, वॉरंटी जाईल. आणि टॅक्सीत आडवं टाकून नेलंस तर घरी पंधरा मिनिटं उभं ठेव, मगच चालू कर. नाहीतर रात्री मला फोन करशील."

मुलगा पैसे मोजतो. काका माझ्या लॅपटॉपकडे हात करतात.