शोधत येणारा वाचक

संकेतस्थळ सुरू करणे आज इतके सुलभ झाले आहे की, एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाने, लोणची-पापड करणाऱ्या महिला मंडळाने किंवा निवृत्तीनंतर आपल्या गावचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या शिक्षकाने मनावर घेतले, तर आठवडाभरात त्यांचे पान जगात कोठूनही उघडता येते. परंतु पान उघडता येणे आणि ते कोणी उघडणे यांमधील अंतर किती मोठे आहे, याचा प्रत्यय घरची मंडळी व चार स्नेही यांच्यापलीकडे कोणी फिरकत नाही असे आढळून आल्यावरच येतो. मग सल्लागारांचा शोध सुरू होतो, आणि ‘पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ अशी हमी देणाऱ्यांची वाण कधीच नसते. या हमीचे मोल गूगलने आपल्या मार्गदर्शिकेतच सांगून टाकले आहे : पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे त्या कंपनीचे स्पष्ट निवेदन आहे.

वस्तुतः अनोळखी वाचक संकेतस्थळाकडे येतो तो संकेतस्थळासाठी नव्हे. त्याच्या मनात एक प्रश्न असतो, तो प्रश्न तो आपल्या शब्दांत शोधयंत्रापुढे मांडतो, आणि यंत्राने पुढे केलेल्या पानांपैकी वरची दोन-तीन चाळून आपल्या वाटेने निघून जातो. म्हणून वाचक वाढवू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, त्याच्या मजकुराचा पहिला वाचक मनुष्य नसून यंत्र आहे. या यंत्राचे हस्तक एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर अहोरात्र फिरत असतात, सापडलेल्या मजकुराची प्रत दप्तरी दाखल करतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची सिद्ध करतात. वाचक प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर या सूचीतून निघते. सूचीत ज्याची नोंद नाही ते पान, त्याचा मालक कितीही विद्वान असो, गैरहजरच समजले जाते.

सूची करण्याची कला १९९५ साली निघालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या यंत्रांनाही साधली होती. अवघड होते ते क्रम लावणे. लाखो पानांत एकच शब्द आढळला तर वर कोणाला बसवावे? स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात याचे जे उत्तर दिले, ते विद्वानांच्या जुन्या शिरस्त्यावर आधारलेले होते. ज्या शोधनिबंधाचा दाखला इतर पुष्कळ निबंध देतात, तो महत्त्वाचा. आणि दाखला देणारा स्वतःच प्रतिष्ठित असेल, तर त्या दाखल्याचे वजन अधिक. एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे असाच दाखला मानून त्यांनी गणित मांडले आणि त्याच वर्षी गूगल ही कंपनी स्थापन झाली. आज क्रम ठरविताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तथापि जाणत्यांनी दिलेल्या दाखल्याचे महत्त्व सरलेले नाही. गावच्या इतिहासाचे पान एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने किंवा वृत्तपत्राने आपण होऊन निर्देशिले, तर त्याचा जो उपयोग होतो, तो विकत घेतलेल्या शेकडो दुव्यांनी होत नाही.

जेथे दाखल्याला किंमत आली, तेथे खोट्या दाखल्यांचा बाजारही भरणारच. पांढऱ्या पृष्ठावर पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवून ठेवण्याची एके काळी सर्रास वहिवाट होती. वाचकाला न दिसणाऱ्या एका रकान्यात शब्दांची जंत्री भरण्याचे कामही वर्षानुवर्षे निष्ठेने चालले, आणि क्रम लावताना आपण तो रकाना पाहतच नाही असे गूगलने २००९ साली जाहीर केल्यानंतरही ते कित्येक ठिकाणी चालूच राहिले. कारकुनी परंपरांना मरण नसते हेच खरे. २००६ च्या फेब्रुवारीत तर बीएमडब्ल्यू या विख्यात मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काही काळ काढून टाकले, कारण जुन्या मोटारींना उद्देशून असलेला जर्मन शब्द पुनःपुन्हा घोळविलेली पाने केवळ यंत्रासाठी रचून, येणाऱ्या माणसाला मात्र निराळ्याच पानावर नेऊन सोडण्याचा प्रकार तेथे उघडकीस आला होता.

मराठीपुरते पाहिले तर आपली अडचण लबाडीची नव्हतीच. ती लिपीची होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक वर्षे मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा स्वतंत्र फॉन्ट असे. तो उतरवून घेतला की पडद्यावर सुंदर देवनागरी उमटे. परंतु यंत्राच्या दृष्टीने त्या देवनागरीच्या पोटात रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गुंता असे. त्यामुळे कांद्याच्या भावावर उत्तम अग्रलेख प्रसिद्ध झाला, तरी ‘कांदा’ असे लिहून शोधणाऱ्याला तो सापडणे शक्य नव्हते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला हक्काचे स्थान मिळाले होते. पण संगणकांत ती सोय रुळेपर्यंत आणि टंकलेखकांच्या बोटांची जुनी सवय सुटेपर्यंत एक तपाहून अधिक काळ लोटला. आजही छपाईसाठी जुन्या फॉन्टमध्ये जुळविलेला मजकूर तसाच चिकटविणारे, किंवा परिपत्रकाचे छायाचित्र काढून तेच पानावर लावणारे लोक आहेत. अशांनी जाहिरातीवर खर्च करण्यापूर्वी आपला मजकूर युनिकोडमध्ये आणावा. इतका लाभ दुसऱ्या कोणत्याही उपायाने होणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

मजकूर यंत्राला वाचता येऊ लागला की प्रश्न उरतो शब्दांचा. जमिनीच्या कागदाचे दप्तरी नाव ‘अधिकार अभिलेख पत्रक’ असे आहे. पण शेतकरी शोधतो तो ‘सातबारा’, कधी अंकांत, कधी अक्षरांत, आणि पुष्कळदा रोमन लिपीत. ज्याने मथळ्यात केवळ दप्तरी नावच घातले, त्याने आपल्याच वाचकाकडे पाठ फिरविली. मथळ्यात लोकांचा शब्द असावा, शास्त्रशुद्ध संज्ञा मजकुरात यावी, आणि एका पानाने एकाच प्रश्नाचे उत्तर पुरतेपणी द्यावे. पान मोबाइलवर नीट दिसावे, ते त्वरेने उघडावे आणि यंत्राच्या हस्तकांना मनाई करणारी फाईल चुकून तशीच राहिलेली नाही ना हे पाहावे, या गोष्टी जाणत्या माणसाकडून दुपारभरात होण्यासारख्या आहेत.

येणाऱ्यांची मोजदादही सावधपणे करावी. पूर्वी ‘हिट्स’चे आकडे मोठ्या अभिमानाने मिरविले जात, परंतु पानावर दहा चित्रे असली, तर एका माणसाने ते पान एकदा उघडताच अकरा हिट्सची नोंद होई, हे त्या अभिमानात कोणी सांगत नसे. किती आले यापेक्षा कोणता प्रश्न घेऊन आले, किती वेळ थांबले आणि पुन्हा आले काय, हा तपशील अधिक बोलका असतो. गूगलच्याच सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात लोकांनी शोधलेले शब्द पाहता येतात, आणि ते पाहिल्यावर पुढे काय लिहावे याचा विचार आपोआप सुरू होतो.

अलीकडे या व्यवहारात नवाच पेच उत्पन्न झाला आहे. २०२४ पासून गूगल काही प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेकरवी स्वतःच रचून वर देऊ लागले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टात ही सोय भारतातही, इंग्रजीबरोबर हिंदीत, आली. उत्तर तेथेच मिळाले तर मूळ पानापर्यंत जाण्याचे श्रम कोण घेईल? पाककृतीचे प्रमाण, कार्यालयाची वेळ, एखादी सनावळी एवढ्यासाठीच येणारा वाचक यापुढे घटणार, हे मान्य करूनच चालावे लागेल. परंतु वाचक केवळ उत्तरासाठीच येतो असे नाही. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ साली, म्हणजे गूगलच्या स्थापनेच्या दोन वर्षे आधी सुरू झाले, आणि परदेशी गेलेली मराठी माणसे तेथे एकमेकांचे लिहिलेले वाचण्यासाठी पत्ता ध्यानात ठेवून येऊ लागली. त्यांना उत्तर नको होते, सोबत हवी होती. आणि ज्याच्यापाशी अशी सोबत देण्याजोगे काही आहे, त्या शिक्षकाने आपल्या गावच्या वाड्यांची छायाचित्रे, वृद्धांच्या तोंडून टिपलेल्या हकिकती आणि देवस्थानाच्या सनदांचे वाचन दर पंधरवड्यास नियमाने प्रसिद्ध करीत राहावे, आणि वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने एका वहीत नोंदवून ठेवावेत.